गप्प आहे तिच्याकडे आधी

धुळ्यावर कुणी बॉम्ब टाकेल असं आमच्या गावात एकालाही वाटत नव्हतं. मलाही नव्हतं वाटत. पण महायुद्ध चालू होतं, वरून हुकूम आला होता, आणि प्रत्येक शाळेतून एकानं धुळ्याला जाऊन प्रथमोपचाराचा वर्ग करायचा होता. आमच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण मी एकटीच. त्यामुळे कुणाला पाठवायचं यावर फार डोकं खपवावं लागलं नाही.

शाळा धुळ्यापासून तीन-चार कोसांवरच्या एका खेड्यात होती. माझं माहेर पिंप्राळ्याचं, जळगावला खेटून. तिकडची बोली वेगळी, इकडची वेगळी, त्यामुळे पहिलं वर्षभर मुली मला शिकवत होत्या की मी मुलींना, हा प्रश्नच होता. माझे यजमान धुळ्याच्या कोर्टात कारकून होते आणि शनिवारी गावी यायचे. वर्गाचं ऐकून ते म्हणाले, "जपान्याला बॉम्ब टाकायचा तर आधी धुळं सापडायला पाहिजे." मी म्हटलं, "तुम्हाला सापडलं तसं त्यालाही सापडेल." आमचा संसार असाच चालायचा, टोल्याला टोला.

वर्ग शिकवायला एक डॉक्टरसाहेब होते. पलटणीत नोकरी करून घरी बसलेले, उंच, बसक्या आवाजाचे, आणि हसण्याच्या बाबतीत फार चिक्कू. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन मास्तरांना सतरंजीवर झोपवलं. एकाला सांगितलं, जोरात कण्हायचं. दुसऱ्याला सांगितलं, डोळे अर्धे मिटून गप्प पडायचं. मग आम्हाला म्हणाले, "हे दोघे जखमी आहेत. चला, कामाला लागा." आम्ही सगळे कण्हणाऱ्यावर तुटून पडलो. कुणी त्याचं डोकं धरलं, कुणी पाय धरला, एकीनं तर त्याला वारा घालायला सुरुवात केली. तो मास्तर एवढा रंगात आला की खरोखरच रडतो की काय असं वाटलं. डॉक्टरसाहेबांनी बराच वेळ आमचा तमाशा पाहिला. मग दुसऱ्या मास्तराकडे बोट दाखवून म्हणाले, "हा मेला. तुम्ही मारलात."

सगळे खजील झाले. नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. "जो ओरडतो, त्याचा श्वास चालू आहे, त्याला शुद्ध आहे, त्याच्या अंगात ओरडण्याइतकी ताकद आहे. त्याचं रक्त थांबवा आणि पुढे चला. गप्प आहे त्याच्याकडे आधी जा. आधी डोळ्यांनी बघा, मग तोंडानं विचारा, मग हात लावा. आणि विचाराल तेव्हा कुठे लागलं एवढंच विचारू नका. याआधी काय दुखणं होतं, तेही विचारा."

न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात. बाजारापुरतं ते ठीक आहे. माणूस पडल्यावरही तोच न्याय चालतो, हे मला त्या सतरंजीपाशी कळलं.

वर्ग संपवून गावी आले आणि मला नाडीचं वेड लागलं. जो सापडेल त्याचं मनगट धरायचं. भाजीवालीची नाडी पाहिली, शाळेच्या शिपायाची पाहिली, मुलींची तर रोजच. यजमान शनिवारी घरात पाऊल टाकायचे आणि आपणहून हात पुढे करून म्हणायचे, "घे बघून, म्हणजे चहा तरी मिळेल." गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला राग यायचा, पण हात राहायचा नाही. निरोगी माणसाची नाडी बोटांना कशी लागते हे त्या वेडापायीच माझ्या अंगवळणी पडलं, आणि पुढे तेच उपयोगी आलं.

त्या वर्षीची आखाजी वैशाखाच्या ऐन भट्टीत आली होती. आखाजी म्हणजे अक्षयतृतीया, पण नुसतं असं सांगून खानदेशाबाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही. सासरी गेलेल्या पोरी त्या दिवसांत माहेरी येतात. घरोघरी गौराई बसते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस होतो, आणि गावातल्या प्रत्येक मोठ्या झाडाला झोका बांधला जातो. वर्षभर सासूच्या नजरेखाली वावरलेली पोर त्या झोक्यावर उभी राहते आणि आकाशाला पाय लावू बघते. शेतात राबणाऱ्या सालदारांचं सालही त्याच दिवशी संपतं. जुना करार सुटलेला, नवा ठरायचा. त्यामुळे गडी माणसं मोकळी, कुठल्या तरी सावलीत पत्ते कुटत बसलेली. त्या दिवशी कुणाला गाडी जुंपायला सांगाल तर अर्धी दुपार त्यातच जाईल.

शाळेपुढे मोठा निंब होता. त्याला दगडी पार बांधलेला. मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, फांदीला टाकून पोरींनी झोका केला होता. मी शाळेमागच्या खोलीत जेवण उरकून जरा आडवी झाले होते. गाणी ऐकू येत होती. एकाएकी गाणं तुटलं आणि किंकाळी आली.

धावत गेले. नाडा तुटून पडला होता. झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या होत्या आणि दोघीही खाली आल्या होत्या. एक आमच्या गावच्या मारवाडी शेटजींची मुलगी, माझ्याच शाळेत शिकणारी. तिचं डोकं फुटून तोंडभर रक्त आलं होतं, उजवा हात कोपराखाली नको तिथे वाकला होता, आणि ती अशी ओरडत होती की कानठळ्या बसाव्यात. सगळा गाव तिच्याभोवती. दुसरी म्हणजे गेल्याच वर्षी लग्न झालेली, शेतकऱ्याच्या घरची लेक. ती पाराला टेकून बसली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत होती. कुणी विचारलं की हसून सांगत होती, "मले काईच नही व्हयनं."

आधी माझेही पाय ओरडणारीकडेच वळले. रक्त दिसलं की मन तिकडे ओढतंच, वर्ग केलेला असो की नसो. पण डोक्याची जखम थोडी असली तरी रक्ताचा गाजावाजा मोठा करते, हे मी शिकले होते. स्वच्छ फडकं घडी करून जखमेवर दाबलं आणि मुलीच्या आईला म्हटलं, "हे असंच दाबून धरा, सोडू नका." मुलीची नाडी पाहिली. जलद, पण भरलेली, दणदणीत. शाळेतले दोन रूळ मागवले, मोडक्या हाताच्या दोन्ही बाजूंना लावून पट्ट्यांनी बांधले आणि हात गळ्यात अडकवला. तिनं मला शिव्या दिल्या. ऐकून मला बरंच वाटलं.

मग पाराकडे गेले.

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं, आधी बघा. मी तिच्यासमोर नुसती उकिडवी बसले आणि बघत राहिले. भर दुपारी झळा लागत होत्या, माझ्या अंगाला घामाच्या धारा, आणि तिच्या कपाळावर मात्र बारीक, गार घाम. ओठांचा रंग गेलेला. ती जांभया देत होती, एकीमागून एक. शेजारची म्हातारी म्हणाली, "पोट भरी जेवनी शे, झोप ई राहिनी तिले. घर ली जा, निजू द्या." दुसरीनं दृष्ट काढायला मीठ-मिरच्या आणायला कुणाला तरी पिटाळलं होतं.

"कुठे लागलं?" मी विचारलं.

"कोठेच नही, बाई. डावा खांदा दुखस थोडासा."

"खांद्यावर पडलीस?"

तिच्यामागच्या पोरींनी सांगितलं की ती डाव्या कुशीवर, थेट पाराच्या कडेवर पडली. खांदा कुठेच आपटला नव्हता.

मनगट हातात घेतलं. वैशाखात तिचा हात गार होता. नाडी आधी सापडेचना. सापडली तेव्हा दोऱ्यासारखी बारीक, आणि इतकी घाईची की मोजता येईना. तिची आई एव्हाना धावत आली होती. मी आईला विचारलं, "हिला आधी काही दुखणं होतं का?"

आईनं आजूबाजूला पाहिलं, मग माझ्या कानाशी आली. सासरी भादव्यापासून हिला थंडीताप येत होता. आला-गेला, आला-गेला. माहेरी आल्यावर बरं वाटत होतं. आणि मग हात जोडून म्हणाली, "बाई, काई बोलू नको. ती पडनी हाई तिना सासरले कळाले नको. पुढला साल आखाजीले धाडाव नहीत."

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. पोर दुखत असूनही हसत का होती, आई कुजबुजत का होती, म्हाताऱ्या तिला घरात नेऊन निजवायला का टपल्या होत्या. माहेरी आलेल्या लेकीला आखाजीला काही होत नाही. व्हायचंच नसतं. झालं तर माहेरच्यांनी लेक सांभाळली नाही असा बोल लागतो आणि पुढच्या वर्षीचा झोका जातो. म्हणून हात मोडलेली कुमारिका गाव डोक्यावर घेते, आणि पोटात फुटलेली सासुरवाशीण पदर सारखा करते. ह्या एका रीतीपायी तिला सावलीत निजवलं असतं, आणि सगळ्यांनी मायेनंच निजवलं असतं.

पोटात फुटलं आहे, असं मला का वाटलं तेही सांगते. वर्गात डॉक्टरसाहेब म्हणाले होते की हिवतापाच्या मुलखात माणसाची पाणथरी, म्हणजे डाव्या फासळ्यांखाली असते ती प्लीहा, सुजून पिकलेल्या सीताफळासारखी होते. मार लागायचा अवकाश, फुटते. आणि मग रक्त बाहेर दिसत नाही, पोटातल्या पोटात साचतं. माणूस पांढरा पडतो, गार पडतो, तहान तहान करतो, आणि दुखणं कधी कधी डाव्या खांद्यात सांगतो. मी तिच्या डाव्या फासळ्यांखाली बोटं नुसती टेकवली, तर तिनं माझा हात घट्ट धरला. ओरडली मात्र नाही.

"मले तीस लागनी," ती म्हणाली. तीस म्हणजे तहान. "पानी द्या ना."

आई तांब्या आणायला पळाली आणि मी शेटजींकडे गेले.

त्या वेळी गावात लगेच निघेल असं वाहन एकच होतं, शेटजींचा टांगा. तो त्यांनी त्यांच्या मुलीसाठी जुंपायला सांगितलाच होता. मी त्यांना म्हटलं, "शेटजी, टांगा मला त्या मुलीसाठी द्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या दुकानाची किल्लीच मागितली. "बाई, हात माझ्या मुलीचा मोडलाय. ती तर बसून बोलते आहे."

"म्हणूनच. तुमची मुलगी संध्याकाळपर्यंत रडेल, आणि उद्याही रडेल. ही संध्याकाळी रडणारसुद्धा नाही."

"दोघींना न्या मग."

तोही विचार मी केला होता. पण त्या मुलीची पाराला टेकलेली पाठ सुटली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिला आडवंच न्यायला हवं होतं. मागची बैठक काढून फळी टाकली तर ती आणि तिच्या पायाशी मी, एवढीच जागा. पुढे टांगेवाल्याशेजारी एक माणूस. तिथे तिची आई हवीच, कारण दवाखान्यात कापाकापी करायची तर घरच्याचा अंगठा लागणार. बाप सालदार ठरवायला दुसऱ्या गावी गेलेला.

शेटाणी माझ्यावर तोंड सोडून बोलली. तिची काही चूक नव्हती. मीही आई असते तर मास्तरणीच्या झिंज्या उपटल्या असत्या. लोक म्हणत होते, बाईला वर्गाचा वारा लागलाय, बसल्या माणसाला मारायला निघाली. आणि मला खरंच भीती वाटत होती. मी काही डॉक्टर नव्हते. त्या मुलीला नुसता उष्मा आणि पुरणपोळी बाधली असेल तर गाव मला हसेल ते हसेल, पण एका मुलीचा हात माझ्यामुळे ताटकळणार होता. माझ्याजवळ पुरावा काय? गार हात, जांभया आणि एक बारीक नाडी.

मी शेटजींचा हात धरला. परपुरुषाचा हात भर चौकात धरणं त्या काळी काय होतं ते कुणाला सांगायला नको. त्यांची बोटं आधी त्यांच्या मुलीच्या मनगटावर ठेवली, मग चार पावलं ओढत नेऊन त्या दुसरीच्या मनगटावर ठेवली. "बघा तुम्हीच," म्हटलं.

ते बराच वेळ चाचपडत राहिले. मग हळूच म्हणाले, "लागतच नाही."

पुढे त्यांनी वाद घातला नाही. स्वतः दुकानातून गादी आणि दोन लोड आणले आणि फळीवर घातले. टांगेवाल्याला म्हणाले, "घोड्याला मारू नको, पण कुठे रमूही नको." शेटाणीकडे त्यांनी पाहिलं नाही. आपल्या मुलीला मात्र उचलून मांडीवर घेऊन पारावर बसले, आणि तिला काय सांगितलं कोण जाणे, ती जरा शांत झाली.

आम्ही निघालो. मुलीच्या पायांखाली लोड देऊन ते उंच केले होते. माझी बोटं तिच्या मनगटावर. आई पुढे बसलेली, पण सगळा वेळ मागे वळलेली, मांडीवर पाण्याचा तांब्या. हिंदकळू नये म्हणून त्याच्या तोंडाला फडकं बांधून तिनं पक्की गाठ मारली होती.

"पानी," मुलगी म्हणाली.

आईचा हात गाठीवर गेला. मी म्हटलं, "नको. दवाखान्यात पोट उघडावं लागलं तर गुंगी देतील. पोटातलं पाणी उलटून श्वासात जाईल. आधीच जेवलेली आहे."

"एक घोट, बाई."

"एक घोटही नको."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा आजही माझ्यासमोर आहे. आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात. वैऱ्यालाही त्या वेळी पाणी नाकारत नाहीत. आणि इथे माहेरी आलेली लेक, आखाजीचा दिवस, आईच्या मांडीवर भरलेला तांब्या. ती शांतपणे म्हणाली, "मनी आंडेर तिशी गयी, ते पाप तुना माथे." माझी लेक तहानलेली गेली तर ते पाप तुझ्या डोक्यावर.

"असू दे माझ्या माथ्यावर," मी म्हटलं.

मुलगी पाणी मागत राहिली, आणि आई गाठीवर हात ठेवून बसली. गाठ सोडायला तिला कुणाची परवानगी नको होती. पोर तिची, पाणी तिचं. मी काही तिचा हात धरू शकले नसते. पण तिनं गाठ सोडली नाही. त्या वाटेवर मी देवाला एकच विनवत होते, मला खोटं पाड. हे नुसतं अजीर्ण निघू दे.

अर्ध्या वाटेवर बाभळींच्या सावलीत पाणपोई होती. घोड्याला पाणी दाखवायला टांगा क्षणभर थांबला. मी पदराचं टोक भिजवून घेतलं, पिळलं आणि मुलीच्या ओठांवर ठेवलं. तेवढं चालतं. टांगेवाला घटाघटा प्यायला. पाणपोईवरच्या म्हाताऱ्यानं पळीनं पाणी माझ्यासमोर धरलं. माझीही जीभ टाळूला चिकटली होती, पण ती मुलगी टक लावून त्या पळीकडे बघत होती. मी मान हलवली. आम्ही पुढे निघालो.

धुळं दिसायला लागलं तशी ती पाणी मागायची थांबली. मला ते मागण्यापेक्षा जास्त भयंकर वाटलं. मी तिला गौराईची गाणी विचारायला लागले. माझी अहिराणी ऐकून एरवी मुली हसतात, तशी तीही एकदा ओठांतल्या ओठांत हसली. मी त्या हसण्याला धरूनच दवाखान्याच्या फाटकात शिरले.

दवाखान्यातले मोठे डॉक्टर सुटीच्या दिवशीही हजर होते, हे नशीब. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पोटावर बोटं टेकवली आणि उठले. "काही पाजलंय का?"

"नाही."

"बघा हं. घरचे पाजतात आणि नाही म्हणतात."

मी काही बोलायच्या आत आईनं तांब्या पुढे केला. बांधलेल्या फडक्याची गाठ तशीच होती. डॉक्टरांनी त्या गाठीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आतल्या माणसांना तयारी करायला सांगितलं. आईनं कागदावर अंगठा उठवला. तो कुठे उठवायचा ते दाखवताना मी तिचं मनगट धरलं, आणि तिनं धरू दिलं.

प्लीहा फुटलीच होती. ती काढली. आम्ही दोघी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो होतो, मध्ये तांब्या. यजमानांना निरोप गेला होता, ते येऊन उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही टोमणा न मारता परत गेले. संध्याकाळ होता होता दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र जाऊ द्या. पण नाडी सुधारली आहे." मी त्यांना विचारलं, एकदा बघू का. त्यांनी हसून हात केला. मी आत जाऊन बोटं ठेवली. अशक्त होती, पण बोटांना लागत होती. मी तिथेच रडले. त्या आधी नाही, आणि मग आवरेनाच.

रात्र गेली. दुसरीही गेली. शेटजींची मुलगीही तोवर त्याच दवाखान्यात येऊन गेली. आम्ही गेल्यावर शेटजींनी पत्त्यांच्या डावावरून गडी उठवून बैलगाडी जुंपवली होती. हात बसवला, फळ्या घातल्या. माझे रूळ तिनं परत केले नाहीत. पुढे त्याच हातानं तिनं पापड लाटले, लग्नात पाच सुवासिनींना कुंकू लावलं, आणि मला भेटली की तोच हात कमरेवर ठेवून म्हणायची, "बाई, मला टाकून गेलात ना!" शेटाणीचा राग मात्र दिवाळीपर्यंत टिकला. तोही फराळाच्या ताटाबरोबर गेला.

आईला खरी धास्ती सासरची होती. तिसऱ्या दिवशी सासू न्यायला आली आणि गावात कळल्यावर थेट दवाखान्यातच आली. आई उभी राहिली, खाली मान घालून. सासू खाटेशी गेली, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, तापाचं सगळं डॉक्टरांकडून ऐकून घेतलं. मग व्हरांड्यात येऊन विहिणीजवळ टेकली. "ताप ते आमनाच घरना," ती म्हणाली. "तुले काय बोलू मी?" आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. लपवायचं एवढं काही नव्हतंच. हे आधी कुणाला तरी कळायला हवं होतं, मलाही.

पुढे धुळ्याला डॉक्टरसाहेब भेटले तेव्हा मी त्यांना हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं. शाबासकीची वाट बघत होते. ते म्हणाले, "ओरडणारीचा हात नीट जुळला का?" जुळला म्हटल्यावर म्हणाले, "मग ठीक." चिक्कू माणूस तो चिक्कूच.

पुढल्या वर्षीची आखाजी आली. सासरच्यांनी तिला धाडलं, तेही दोन दिवस आधी. निंबाला नवा नाडा टाकला होता आणि पारापासून चांगला लांब. तिला झोक्यावर चढायला डॉक्टरांनी मना केलं होतं, म्हणून ती खाली उभी राहून बाकीच्या पोरींवर हुकूम सोडत होती. त्यांनी आपसांत एक नवीन नियम केला होता. जी पडेल तिनं काही नाही झालं म्हणायचं नाही. तिनं जोरात ओरडायचं, "पडनी वं, लागनं वं!" त्या दिवशी एक चिमुरडी नुसती घसरली आणि इतक्या हौसेनं ओरडली की मी खोलीतून खरकट्या हातानंच धावले. काहीच झालं नव्हतं. पोरी खदखदून हसल्या. मी रागावले, पण मनापासून नाही.

मग त्या माहेरवाशिणीनं आपलं मनगट माझ्यापुढे केलं. "दखा, बाई." मी पाहिलं. संथ, भरलेली, अगदी कंटाळवाणी नाडी. एवढी सुंदर नाडी मी कुणाची पाहिली नाही.

तिची आई पाराशी उभी होती. वर्षभरात आमचं बोलणं झालं होतं, पण त्या वाटेबद्दल कधीच नाही. पाप माझ्या माथ्यावर घालणारे शब्द तिनं मागे घेतले नव्हते आणि मीही आठवण दिली नव्हती. ती आता पुढे आली. हातात तोच तांब्या, तोंडाला फडकं बांधलेलं. तिनं माझ्यासमोर गाठ सोडली, फडकं काढून खांद्यावर टाकलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"ले, पी ले," ती म्हणाली. "त्या दिन पानपोईवर तू बी तिशीच राहिनी व्हती. मी दखं व्हतं."

मी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि उभ्या उभ्या सगळा संपवला.